संबंधांच्या वेळच्या दुखण्यावर सीबीडी: रिसर्चमध्ये नक्की काय सापडतं?

रानजाई
विषय थोडा अवघड आहे पण आडून आडून न लिहिता सरळच लिहिते. मला संबंधांच्या वेळी दुखतं. आत शिरतानाच, अगदी योनीच्या तोंडाशी, कापल्यासारखी आग होते आणि नंतरही बराच वेळ जळजळत राहतं. इन्फेक्शनच्या टेस्ट सगळ्या नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका, रिलॅक्स व्हा' एवढंच सांगून पाठवलं, ते ऐकून मला खूप एकटं वाटलेलं, कारण दुखणं मनातलं नाहीये हे मला पक्कं माहितीये.

नेटवर शोधायला लागलं की तिसऱ्या चौथ्या पानावर सीबीडी येतंच, म्हणजे कॅनाबिडिऑल, गांजाच्या झाडातला घटक. तेल, वंगण, योनीत ठेवायच्या गोळ्या, आणि प्रत्येकावर 'संशोधनाने सिद्ध' लिहिलेलं. माझं काम डेटाचं आहे त्यामुळे हे संशोधन म्हणजे नेमकं कुठलं ते बघायला मूळ पेपर काढून बसलेय. आतापर्यंत हाती लागलेलं असं.

सीबीडी १९४० मध्ये वेगळं काढलं गेलं, त्याची रचना १९६३ मध्ये मेकुलम आणि श्वो यांनी उलगडली. नशा आणतो तो गांजातलाच दुसरा घटक, टीएचसी, सीबीडीने तशी नशा येत नाही. औषध म्हणून त्याला खरी मान्यता मिळालीये ती अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांसाठी, अमेरिकेत २०१८ मध्ये एपिडिओलेक्स नावाने. दुखण्यासाठी तिथे मान्यता नाही, संबंधांच्या दुखण्यासाठी तर नाहीच नाही.

मग लोक याच्यामागे का लागलेत? तर त्यालाही एक धागा आहे. योनिमुखाच्या दुखण्यात तिथल्या त्वचेत वेदना नेणारे मज्जातंतू जास्त दाट सापडतात, आणि २००४ च्या एका अभ्यासात टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टरही (पेशीवरची, ठरावीक रसायन ओळखणारी जागा) तिथे जास्त दिसला. हा तोच रिसेप्टर ज्याच्यावर तिखटातलं कॅप्सेसिन काम करतं, म्हणून 'आग होते' हे शब्दशः खरं असतं. सीबीडीही या रिसेप्टरवर काम करतं आणि नंतर तो थकून गप्प होतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. हे वाचून मला पटकन वाटलं की अरे सापडलं! पण पेशींच्या डिशमधून माणसाच्या शरीरापर्यंत बरंच अंतर असतं, ते कोणी पार केलंय का हे मला समजून घ्यायचंय. औषधशास्त्रातले, डॉक्टर, फिजिओ, आणि ज्यांनी हे सोसलंय अशा सगळ्यांनी लिहा.

चांदणवेल
लिहिलंस ते फार बरं केलंस. मी इतकी वर्षं हे कुणाशी बोलले नाहीये. वाचतेय.

रसायनी
औषधशास्त्र माझा विषय आहे त्यामुळे थोडं लांबेल.

रानजाई, तुमचं टीआरपीव्ही१ चं वाचन बरोबर आहे. त्यात एवढी भर की सीबीडी एकाच ठिकाणी काम करत नाही. आपल्या शरीरात स्वतःचेच कॅनाबिनॉइड तयार होतात, पहिला आनंदामाइड १९९२ मध्ये सापडला, आणि ते ज्या सीबी१, सीबी२ रिसेप्टरवर बसतात त्यांना सीबीडी फार घट्ट धरत नाही. टीएचसी धरतो. म्हणून 'गांजाने दुखणं कमी झालं' असा अभ्यास दाखवून कोणी सीबीडी विकत असेल तर तिथेच थांबा, दोन वेगळी रसायनं आहेत. सीबीडीचा परिणाम सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर, अ‍ॅडिनोसिनवर, अजून दोन चार ठिकाणी दिसतो. इतक्या ठिकाणी थोडं थोडं काम करणाऱ्या रेणूबद्दल 'हा अमुक दुखण्यावर असा चालतो' असं छातीठोकपणे सांगणं अवघड जातं.

दुसरी गोष्ट पोचण्याची. तोंडावाटे घेतलेल्या सीबीडीतलं साधारण ६ टक्केच रक्तात पोचतं, बाकीचं आतडं आणि लिव्हरमध्ये संपतं. चरबीयुक्त जेवणाबरोबर घेतलं तर रक्तातलं प्रमाण ४ पटींच्या आसपास वाढतं. म्हणजे तीच मात्रा आज एक आणि उद्या चौपट! त्वचेवर लावलं तर ते तेलात विरघळणारं असल्यामुळे वरच्या थरातच रेंगाळतं. योनीच्या आतलं अस्तर त्वचेपेक्षा वेगळं, पातळ, ओलसर, तिथून शोषण जास्त होऊ शकतं, पण म्हणूनच हातावरच्या क्रीमचे आकडे तिथे लावता येत नाहीत. तिथले आकडे तिथेच मोजावे लागतात, बेस कुठला, किती वेळ राहिला, पाळीच्या कुठल्या दिवसात लावला, सगळ्याने फरक पडतो.

आणि कृपा करून सगळ्यांनी हे वाचा: सीबीडी लिव्हरमधली जी एन्झाइम्स अडवतं त्यांच्यावर बरीच औषधं अवलंबून असतात. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं), क्लोबाझाम (अपस्माराचं), टॅक्रोलिमस (अवयव बदलल्यावर देतात ते) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न सांगता सीबीडीला हात लावू नये. व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्या औषधाबरोबर रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स चढतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण, हे अपस्माराच्या ट्रायलमध्येच दिसलं. योनिमुखाच्या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन बऱ्याच जणींना दिलेलं असतं, त्याने आधीच गुंगी येते, त्यात सीबीडीची भर नको.

लेबररूमवाली
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, रात्रपाळी संपवून लिहितेय.

सगळ्यात आधी, रानजाई, तुमचं दुखणं खरं आहे. तुम्ही जे वर्णन केलंत, स्पर्श झाल्यावर तोंडाशीच आग, टेस्ट नॉर्मल, ते ऐकल्यावर मी सर्वात आधी कापसाच्या काडीने योनिमुखाच्या कडेला घड्याळाच्या काट्यांसारखं एकेका जागी हलकेच दाबून बघेन. दोन मिनिटांची तपासणी आहे आणि ती कोणी केली नसेल तर मागून घ्या. व्हल्वोडिनियाची, म्हणजे उघड कारण न सापडणाऱ्या योनिमुखाभोवतीच्या जुनाट दुखण्याची, व्याख्या आणि प्रकार २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून नव्याने ठरवलेत, त्यामुळे 'सगळं नॉर्मल आहे' हे आता शेवटचं उत्तर नाहीये.

माझी खरी काळजी अशी की 'संबंधांच्या वेळी दुखणं' हे लक्षण आहे आणि त्याच्या मागे वेगवेगळे आजार उभे असतात. तोंडाशी दुखणं वेगळं, खोल आत ओटीपोटात दुखणं वेगळं. खोल दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, थोडक्यात एंडो), गाठी, जुनं इन्फेक्शन बघावं लागतं. पाळी गेल्यावर किंवा बाळाला पाजत असताना इस्ट्रोजेन कमी होऊन अस्तर कोरडं पातळ होतं, तिथे योनीत लावायचं इस्ट्रोजेन खरंच काम करतं आणि ते चांगलं तपासलेलं औषध आहे. त्वचेवर पांढरे चट्टे, खाज असेल तर लायकेन स्क्लेरोसस, त्याला जोरकस स्टिरॉइड मलम लागतं आणि ते न केल्यास पुढे त्रास वाढतो. या सगळ्या बायकांना एकच सीबीडीची गोळी देऊन 'दुखणं कमी झालं का' विचारणारा अभ्यास मला काहीच सांगत नाही. रिसर्च करायचाच तर एक प्रकार निवडा.

निळाई
मला एंडो आहे आणि मी सीबीडी वापरलंय, माझ्या देशात ते कायदेशीर मिळतं. मला फरक पडला. झोप लागायला लागली, पाळीच्या आधीचे दिवस सुसह्य झाले, नवऱ्याजवळ जायची भीती कमी झाली. वरचे प्रतिसाद वाचून असं वाटतंय की आमच्या अनुभवाला काही किंमतच नाही का? वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्या बाईला रिसर्च पूर्ण होईपर्यंत थांब म्हणणं सोपं असतं.

रानजाई
निळाई, अजिबात तसं नाही गं. तुझ्यासारख्यांच्या अनुभवामुळेच तर हा प्रश्न रिसर्चपर्यंत पोचला. ऑस्ट्रेलियात एंडो असलेल्या ४८४ बायकांना विचारलेला एक सर्व्हे २०२० मध्ये छापून आला, त्यात स्वतःहून काही ना काही उपाय करणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के जणींनी गांजा वापरत असल्याचं सांगितलं आणि दुखणं कमी होण्याला १० पैकी सरासरी ७.६ गुण दिले. सर्व्हेत विचारलेल्या उपायांमध्ये हे गुण खूप वरचे होते. मी तो वाचला तेव्हा मलाही आशा वाटली.

पण त्यात दोन अडचणी आहेत. एक तर तो गांजाबद्दल होता, नुसत्या सीबीडीबद्दल नव्हता. दुसरं, ज्या सध्या वापरतायत त्यांनाच विचारलं की चांगले गुण मिळणारच, ज्यांना उपयोग झाला नाही त्या कधीच सोडून गेलेल्या असतात.

दोन_शब्द
स्टॅटिस्टिक्सवाला. निळाईताईंना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, वाईट वाटून घेऊ नका.

व्हल्वोडिनियाच्या रिसर्चमध्ये एक ट्रायल मला फार महत्त्वाची वाटते, २०१० ची. १३३ बायका, त्यांना लिडोकेन (जागा बधिर करणारं) क्रीम, डेसिप्रामिनच्या (नैराश्यावरच्या, दुखण्यावरही देतात त्या) गोळ्या, दोन्ही, किंवा दोन्ही खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, असे चार गट. १२ आठवडे. तोवर ही दोन्ही औषधं डॉक्टर सर्रास देत होते. निकाल काय? खोट्या औषधाच्या गटात टॅम्पॉन टेस्टवरचं (टॅम्पॉन घालताना काढताना होणारं) दुखणं ३३ टक्के कमी झालं, आणि खऱ्या औषधांचे गट त्यापेक्षा ठळकपणे पुढे गेले नाहीत. नंतर मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात त्या गॅबापेंटिनचीही तीच गत, व्हल्वोडिनियात २०१८ मध्ये आणि ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यात २०२० मध्ये ३०६ बायकांच्या ट्रायलमध्ये.

आता यातल्या खोट्या औषधाच्या गटातल्या बायका खोटं बोलत होत्या का? नाही. त्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. कोणीतरी नीट ऐकून घेतलं, नियमित तपासलं, दुखणं आपसूकही वरखाली होतं, आणि माणूस सगळ्यात वाईट दिवसांत ट्रायलमध्ये येतो त्यामुळे पुढे थोडं बरं वाटणारच असतं. निळाईताई, तुमचा फरक खरा आहे. तो सीबीडीमुळे आला का, एवढाच प्रश्न ट्रायल विचारते. आणि तो विचारायलाच हवा, कारण उत्तर 'नाही' असेल तर त्या पैशात आणि वेळात दुसरं काही मिळू शकलं असतं.

एकंदर दुखण्यावर सीबीडीचं चित्र फारसं उत्साहवर्धक नाही. वेदनेच्या अभ्यासकांनी अलीकडे १६ रँडमाइझ्ड (चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या) ट्रायल एकत्र पाहिल्या, त्यातल्या १५ मध्ये प्लासिबोपेक्षा, म्हणजे खोट्या औषधापेक्षा, फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीने इमर्जन्सीत आलेल्या १०० लोकांना ४०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, काही फरक नाही. वेदनेवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की कॅनाबिनॉइड्सच्या सर्वसाधारण वापराला आम्ही आत्ता पाठिंबा देत नाही, रिसर्च व्हायला हवा. यातलं संबंधांच्या दुखण्याबद्दल थेट काही नाही, पण सुरुवातीची अपेक्षा किती ठेवायची ते यावरून कळतं.

निळाई
नीट समजावलंत, आभार. मी बंद करणार नाहीये पण डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं ते सांगते, रसायनींचं औषधांबद्दलचं वाचून.

फिजिओ_मृ
मी फिजिओथेरपिस्ट, पेल्विक फ्लोअरवर (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर) काम करते आणि या धाग्यात हा भाग सुटतोय म्हणून लिहिते.

दुखतं म्हटल्यावर शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून घेतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू घट्ट होतात, घट्ट स्नायूंवर स्पर्श अजून दुखतो, त्याने भीती वाढते, भीतीने स्नायू अजून घट्ट. हे बाई जाणूनबुजून करत नाही, तिला कळतही नाही, म्हणून 'रिलॅक्स व्हा' या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. आवळलेला स्नायू सांगून सुटत नाही, तो सोडायला शिकावं लागतं, हाताने, श्वासाने, बायोफीडबॅकने (स्नायू किती आवळलाय ते यंत्रावर बघत), हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या डायलेटरने (योनीत घालायच्या गुळगुळीत नळीने).

कॅनडात २१२ बायकांवर एक ट्रायल झाली, २०२१ मध्ये प्रकाशित झाली. योनिमुखाच्या दुखण्यासाठी १० आठवडे फिजिओथेरपी विरुद्ध रोज रात्री लिडोकेन. फिजिओच्या गटात ७९ टक्के जणींनी खूप सुधारणा झाल्याचं सांगितलं, लिडोकेनच्या गटात ३९ टक्के. फिजिओमध्ये खोटा गट ठेवणं अवघड असतं त्यामुळे दोन_शब्द म्हणतात तो परिणाम इथेही असणार हे मान्य, पण एवढा फरक आणि तोही महिन्यांनंतर टिकलेला, मी तो हलक्यात घेणार नाही.

सीबीडीच्या योनीतल्या गोळ्या विकताना 'स्नायू सैल करते' हे वाक्य हमखास असतं. ज्या बायका माझ्याकडे ते वापरून आल्यात त्यांना मी हेच विचारते की गोळी ठेवल्यावर काय केलंत? बहुतेकींनी वीस पंचवीस मिनिटं शांत पडून, श्वास घेत, घाई न करता वेळ काढलेला असतो. त्या वेळाने आणि त्या तेलाच्या ओलाव्यानेच बरंच काम झालेलं असू शकतं.

रसायनी
फिजिओ_मृ, हा मुद्दा लाख मोलाचा! वंगणाचा बेसच, म्हणजे सीबीडी ज्यात मिसळतात ते मूळ तेल किंवा जेल, घर्षण कमी करतो. त्यामुळे 'सीबीडी वंगण विरुद्ध काहीच नाही' अशी तुलना केली तर सीबीडी जिंकणारच, आणि त्यातून काहीही सिद्ध होणार नाही. तुलना तोच बेस सीबीडीसह आणि सीबीडीशिवाय, अशीच हवी. वास आणि रंगही सारखा करावा लागेल.

पारवा
मी नवरा आहे. बायकोला हा त्रास आहे. वाचायला बसलो ते सगळं वाचून काढलं. मला विचारायचंय की आम्ही नुसतं वंगण म्हणून सीबीडी तेल वापरलं तर निदान नुकसान तरी नाही ना? आम्ही कंडोम वापरतो.

लेबररूमवाली
पारवा, विचारलंत ते फार चांगलं केलंत. तेल आणि लेटेक्स कंडोम एकत्र नको, कुठलंही तेल असो, कंडोम कमजोर होऊन फाटतो. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं वंगण घ्या. पाण्यावरच्यातही जे फार घट्ट, जास्त ग्लिसरीनचं असतं ते अस्तरातलं पाणी ओढून जळजळ वाढवतं, जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या घटकांचं प्रमाण) १२०० च्या वर नको, शक्यतो ३८० च्या खाली हवी असं सांगितलंय, पीएच ४.५ च्या आसपास. दुखणाऱ्या बाईसाठी हा तपशील खूप कामाचा आहे.

सुवासिक तेलं, पुदिन्याचा अर्क वगैरे घातलेली उत्पादनं आग होणाऱ्या जागी नकोतच. गरोदर असताना, राहायचा प्रयत्न चालू असताना, आणि पाजत असताना सीबीडी कुठल्याच रूपात नको.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते. दुखत असताना पुढे रेटू नका, 'होईल सवय' असं होत नाही, फिजिओ_मृ यांनी लिहिलेलं चक्र त्याने पक्कं होतं. काही काळ आत शिरणं बाजूला ठेवून बाकी जवळीक चालू ठेवली तरी नातं तुटत नाही, उलट तिची भीती उतरते.

पारवा
हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिलाही धागा वाचायला दिलाय.

दोन_शब्द
बाटलीत काय आहे हाही प्रश्न आहेच. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. लेबलवर लिहिलेलं प्रमाण फक्त ३१ टक्क्यांमध्ये बरोबर निघालं, ४३ टक्क्यांमध्ये सीबीडी जास्त होतं आणि २६ टक्क्यांमध्ये कमी. १८ उत्पादनांमध्ये टीएचसी सापडला. ज्यांची नोकरीत ड्रग टेस्ट होते त्यांनी हे लक्षात ठेवा. कायदाही प्रत्येक देशात वेगळा आहे, मागवण्याआधी बघून घ्या.

चांदणवेल
ट्रायलमध्ये दुखणं मोजतात कसं पण? मी तर दुखतं म्हणून संबंधच ठेवत नाही, मग माझं मोजणार काय?

रानजाई
चांदणवेल, तुझा प्रश्न वाचून मी परत पेपर उघडले आणि सगळा धागा जिथे अडतो ती जागाच सापडली असं वाटतंय.

बहुतेक अभ्यासांत एफएसएफआय नावाची प्रश्नावली वापरतात, १९ प्रश्न, गेल्या ४ आठवड्यांबद्दल. त्यात दुखण्याच्या प्रश्नांना 'संबंध ठेवलेच नाहीत' असं उत्तर दिलं की शून्य गुण मिळतात. आणि कमी गुण म्हणजे जास्त त्रास! म्हणजे जी बाई दुखण्याच्या भीतीने लांब राहिली आणि जिचा नवरा महिनाभर गावाला होता, दोघी आकड्यात सारख्याच. या गुणांवर जर कोणी 'सीबीडीने सुधारणा' दाखवत असेल तर आधी हे बघावं लागेल की दुखणं कमी झालं की नुसते संबंध वाढले.

टॅम्पॉन टेस्ट यावर तोडगा आहे. बाई घरी ठरलेल्या दिवशी टॅम्पॉन आत घालते, काढते, आणि किती दुखलं ते ० ते १० मध्ये लिहिते. जोडीदार असो नसो, इच्छा असो नसो, प्रत्येक आठवड्याला आकडा मिळतो. खोल दुखण्यासाठी मात्र ही टेस्ट उपयोगाची नाही, म्हणजे लेबररूमवाली म्हणाल्या तसं प्रकार निवडल्याशिवाय मोजमापही ठरत नाही.

तर मला वाटतं की करण्यासारखा अभ्यास असा: फक्त तोंडाशी, स्पर्शाने होणारं दुखणं, कापसाच्या काडीने तपासून नक्की केलेलं. तोच बेस सीबीडीसह आणि सीबीडीशिवाय, चिठ्ठी टाकून गट पाडायचे, कोणाला काय मिळालं ते ना बाईला माहिती ना तपासणाऱ्याला. रक्तात किती पोचलं ते मोजायचं. दोन्ही गटांना फिजिओ सारखीच द्यायची, कारण जे चालतं ते कोणापासून काढून घेणं बरोबर नाही. मुख्य मोजमाप टॅम्पॉन टेस्ट आणि ते सुरू होण्याआधीच जाहीर नोंदवून ठेवायचं, म्हणजे शेवटी जो आकडा गोड दिसेल तो निवडता येणार नाही. दोन_शब्द, काही राहिलं का?

दोन_शब्द
अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांचं काय ते ठरवा. जळजळ वाढली म्हणून सोडणाऱ्या बायका हिशोबातून गळल्या तर औषध उगाचच चांगलं दिसतं. त्यांना शेवटपर्यंत मोजायचं, त्या ज्या गटात होत्या त्याच गटात. आणि शेवटी प्रत्येकीला विचारायचं की तुम्हाला कुठलं मिळालं असं वाटतं? बहुतेकींनी बरोबर ओळखलं तर कोणाला काय मिळालं ते गुपित फुटलेलं आहे.

फिजिओ_मृ
एक मागणी माझी. नुसतं दुखणं मोजू नका, भीती आणि टाळणंही मोजा. आकडा ७ वरून ५ वर आला आणि बाई तरीही रात्री घाबरूनच झोपत असेल तर तिच्यासाठी काही बदललेलं नाही.

रानजाई
घेतलं लिहून. मी स्वतः तोवर सीबीडी घेणार नाहीये, आधी काडीची तपासणी मागून घेते आणि पेल्विक फ्लोअरच्या फिजिओची वेळ घेते. फिजिओ_मृ, पहिल्या भेटीत आतून तपासणी करावीच लागते का? तेवढं सांगा, त्याच एका गोष्टीने मी अडलेय.

फिजिओ_मृ
नाही. पहिल्या भेटीत नुसतं बोलणं झालं तरी चालतं, बाहेरून श्वास आणि पोटाच्या हालचालीवरूनही सुरुवात करता येते. आतून तपासायचं तर तुमच्या परवानगीनेच, एका बोटाने, आणि तुम्ही थांबा म्हणालात की त्या क्षणी थांबायचं. हे जी फिजिओ आधी सांगत नाही तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.